सासूबाईंच्या मॅक्युलासाठी ताटात काय वाढावं?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. माझ्या सासूबाईंचं वय ७२. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तपासायला नेलं, तर डॉक्टरांनी पडद्याचा फोटो आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) काढून दोन्ही डोळ्यांत 'ड्राय एएमडी, इंटरमीडिएट' (वयोमानाने होणारी मॅक्युलाची कोरडी झीज, मधला टप्पा) असं निदान लिहून दिलं. ऑपरेशनचा उपयोग नाही, हिरव्या पालेभाज्या वाढवा आणि ही गोळी चालू ठेवा, असं सांगितलं. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. सोसायटीतल्या मैत्रिणींच्या सांगण्यावरून त्या रोज सकाळी दोन ग्लास गाजराचा रस पितात. सासरे ७७ वर्षांचे आहेत, त्यांना मोतीबिंदूची सुरुवात आहे. 'डोळ्यांचीच तर आहे' म्हणून तेही त्याच बाटलीतली गोळी घेतात. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, ॲसिट्रॉम चालू आहे आणि तेव्हापासून त्यांनी पालेभाजी पूर्ण सोडली आहे. पूर्वी सिगारेट ओढायचे, सोडून बारा वर्षं झाली. घरात अंडी चालतात, मासे नाहीत. सासूबाई श्रावणात पालेभाजी खात नाहीत. एका स्वयंपाकात हे सगळं कसं बसवायचं? माझं वय ४६, पतींचं ४९. आम्ही आतापासून काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यांत तातडीची गोष्ट आहाराची नाही, त्या बाटलीची आहे. सासऱ्यांची ती डोळ्यांची गोळी आजच थांबवा. ती त्यांना कोणी लिहून दिलेली नाही आणि त्यांच्या बाबतीत ती निरुपद्रवी नाही.

डोळ्यांच्या या गोळ्यांमागे अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने केलेले दोन मोठे अभ्यास आहेत. पहिला 'एरेड्स', त्याचे निष्कर्ष २००१ साली आले. दुसरा 'एरेड्स-२', तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन्हींमध्ये मोतीबिंदूकडेही लक्ष ठेवलं होतं आणि त्यावर या गोळ्यांचा काही परिणाम दिसला नाही. म्हणजे सासऱ्यांच्या आजारासाठी गोळीचा फायदा शून्य. धोके मात्र आहेत. या सूत्राच्या गोळीत ई जीवनसत्त्वाची मात्रा मोठी, ४०० आययू असते आणि ॲसिट्रॉमसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधासोबत ती रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकते. याच मात्रेत रोज ई जीवनसत्त्व घेणाऱ्या निरोगी पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग काहीसा जास्त आढळला, असं 'सिलेक्ट' नावाच्या मोठ्या चाचणीतून २०११ साली पुढे आलं. शिवाय गोळी जुन्या सूत्राची असेल तर तिच्यात बीटा कॅरोटीन असतं. 'एरेड्स-२'मध्ये बीटा कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग दुपटीने आढळला आणि त्या रुग्णांपैकी बहुतेकांनी पूर्वी सिगारेट ओढून सोडलेली होती. बारा वर्षं झाली म्हणून सासरे या यादीतून सुटत नाहीत. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून 'ही गोळी इतके दिवस घेत होते, आता बंद केली आहे' असं स्पष्ट सांगा आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) कधी करायची ते विचारून घ्या.

मोतीबिंदूचं म्हणाल तर कोणत्याही गोळीने, थेंबाने, मधाने किंवा एरंडेलाने तो विरघळत नाही. डोळ्यात मध किंवा एरंडेल घातल्याने जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. रोजच्या कामांत अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करायची, तो 'पिकेपर्यंत' थांबायची गरज आता राहिलेली नाही. आहाराचा मोतीबिंदूशी थोडा संबंध आहे. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या लोकांची एक मोठी पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रक्तातलं क जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांमध्ये मोतीबिंदूचं प्रमाण जास्त दिसलं. हा संबंध आहे, पुरावा नव्हे. तरी रोज अर्धा पेरू किंवा एक आवळा खायला कोणाची हरकत नसावी. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं आणि मधुमेह असला तरी तो मापात चालतो.

आता सासूबाईंकडे वळू. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर मॅक्युला नावाचा जेमतेम ५ मिलिमीटरचा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं तिथून चालतं. तिथल्या पेशी सतत प्रकाश झेलतात, प्राणवायू भरपूर वापरतात आणि तितकाच कचरा तयार करतात. वय वाढलं की हा कचरा उचलणारा खालचा थर मंदावतो आणि पडद्याखाली पिवळसर ठिपके साचतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. ठिपके छोटे आणि थोडे असतील तर आजार सुरुवातीचा. मोठे किंवा बरेच असतील तर 'इंटरमीडिएट'. सासूबाई या दुसऱ्या पायरीवर आहेत. तिसरी पायरी दृष्टी घालवणारी आहे आणि गोळी व आहार या दोन्हींचा उद्देश तिथे जाणं लांबवणं हा आहे. साचलेले ठिपके पालकाने धुऊन निघत नाहीत आणि गेलेली नजर परत येत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर दोन महिन्यांनी 'काही फरक नाही' म्हणून सगळंच बंद होतं.

किती फरक पडतो? 'एरेड्स'मध्ये सासूबाईंसारख्या किंवा त्याहून पुढच्या टप्प्यातल्या १०० जणांपैकी औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्या साधारण २८ जणांचा आजार ५ वर्षांत शेवटच्या पायरीवर गेला. खरी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २० होतं. शंभरातल्या आठ जणांची नजर वाचणं मोठीच गोष्ट आहे, पण बाकीच्या वीस जणांनीही गोळी नियमितच घेतली होती, हेही लक्षात असू द्या. आणि हा फायदा मधल्या टप्प्यापासून पुढेच दिसला. सुरुवातीच्या टप्प्यात किंवा आजार नसलेल्या डोळ्यांत दिसला नाही.

म्हणून बाटलीवरचं लेबल एकदा नीट वाचा. दिवसभराची मात्रा मिळून क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० आययू, ल्युटिन १० मिलिग्रॅम, झिॲझँथिन २ मिलिग्रॅम, झिंक ८० मिलिग्रॅम आणि तांबं २ मिलिग्रॅम, हे 'एरेड्स-२'चं सूत्र. आपल्याकडे 'ल्युटिन' असं मोठ्या अक्षरांत छापलेल्या कित्येक गोळ्यांमध्ये बाकीचे घटक नाममात्र असतात, तर काहींत तिसरंच काहीतरी असतं. लेबल वाचताना दोन ठिकाणी गफलत होते. एक, छापलेलं प्रमाण एका गोळीचं आहे की दिवसाच्या दोन गोळ्यांचं, हे पाहिलं जात नाही. दोन, झिंकचा आकडा क्षाराचा असतो की निव्वळ झिंकचा, हे कळत नाही. उदाहरणार्थ, २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटात निव्वळ झिंक सुमारे ५० मिलिग्रॅमच असतं. लेबलवर 'एलिमेंटल झिंक' असा शब्द शोधा. बाटलीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवला तर सगळ्यांत चांगलं.

गोळी जेवणानंतरच द्या. रिकाम्या पोटी झिंक घेतलं की मळमळतं, तोंडाला धातूची चव येते आणि म्हातारी माणसं गोळी सोडतात ती याच कारणाने. ८० मिलिग्रॅम झिंक म्हणजे एरवी प्रौढांसाठी सुरक्षित धरलेल्या ४० मिलिग्रॅम या मर्यादेच्या दुप्पट आहे, म्हणून घरात दुसरी एखादी मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू असेल तर ती दाखवल्याशिवाय दोन्ही एकत्र देऊ नका. फार झिंकने शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो. गोळीत तांबं घातलेलं असतं ते त्यासाठीच. पोटाला सोसत नसेल तर २५ मिलिग्रॅम झिंक असलेली गोळी चालेल का, असं विचारा. 'एरेड्स-२'मध्ये कमी झिंकच्या गटात लक्षात येण्याजोगा तोटा दिसला नव्हता. दाताच्या किंवा लघवीच्या संसर्गासाठी डॉक्सिसायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारखी अँटिबायोटिक लिहून दिली, तर झिंकची गोळी चालू असल्याचं त्या डॉक्टरांना सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यास अँटिबायोटिक पुरतं शोषलं जात नाही.

गाजराचा रस बंद करा. गाजर वाईट नाही, रस चुकीचा आहे. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनतं आणि ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. कुपोषित मुलाला गाजर, पपई, लाल भोपळा यांचा उपयोग होतो तो असा. पण सासूबाईंच्या अंगात अ जीवनसत्त्व कमी असल्याचं काही लक्षण नाही आणि मॅक्युलात साठणारे रंगद्रव्य वेगळे आहेत. त्यांचं नाव ल्युटिन आणि झिॲझँथिन. गाजरात ते फारसे नसतात. दोन ग्लास रसाला पाऊण किलोच्या आसपास गाजरं लागतात. त्यांची साखर चोथ्याशिवाय एकदम पोटात जाते आणि दहा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाला सकाळी सकाळी याची काहीच गरज नाही. तळहात पिवळट दिसायला लागले असतील तर तो काविळीचा नाही, या रसाचा परिणाम असू शकतो. तेव्हा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होत नाही, ही खूण लक्षात ठेवा. तोही पिवळा दिसला तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या. जेवणात अर्ध्या गाजराची कोशिंबीर खुशाल असू द्या.

ल्युटिन आणि झिॲझँथिन शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. मॅक्युला पिवळा दिसतो तो यांच्यामुळेच. ते निळा प्रकाश अडवतात आणि प्राणवायूच्या विघातक कणांना निष्प्रभ करतात. 'एरेड्स-२'मध्ये आहारातून ल्युटिन सगळ्यांत कमी मिळणाऱ्यांनाच ल्युटिनच्या गोळीचा फायदा सर्वांत ठळक झाला. त्यामुळे पालेभाजीला आम्ही गोळीइतकंच महत्त्व देतो, आणि तुमच्या पतींच्या व तुमच्या बाबतीत तर गोळीहून जास्त.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसाच्या रोजच्या ४०० ग्रॅम भाज्यांपैकी १०० ग्रॅम पालेभाजी असावी असं म्हटलं आहे. शंभर ग्रॅम म्हणजे निवडून धुतलेली कच्ची पानं. शिजल्यावर ती एक लहान वाटी भरते. मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे मिळणाऱ्या मध्यम जुडीतून देठ काढल्यावर दोन माणसांचं भागतं. पालकच हवा असं नाही. मेथी, चाकवत, माठ, राजगिरा, शेपू, अंबाडी, करडई, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, सगळ्यांत हे रंगद्रव्य आहेत. गडद हिरवी पानं बहुधा जास्त चांगली. पालकातलं ल्युटिन १०० ग्रॅमला किती, याचे आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत दोन-अडीच मिलिग्रॅमपासून बारा मिलिग्रॅमपर्यंत दिसतात. जात, जमीन आणि पानाचा कोवळेपणा यांवर ते ठरतं. त्यामुळे मिलिग्रॅमचा हिशेब मांडत बसू नका. रोज एक वाटी आणि भाजी बदलती ठेवा.

हे रंगद्रव्य तेलात विरघळतात, पाण्यात नाही. स्वयंपाकाचं सगळं तंत्र या एका गोष्टीवर आहे. पान बारीक चिरलं, शिजवलं आणि सोबत थोडं तेल किंवा तूप असलं की ल्युटिन सुटं होऊन आतड्यातून शोषलं जातं. बिनतेलाचा कच्च्या पालकाचा रस सकाळी पिणाऱ्यांना नेमकं हेच मिळत नाही. वर ऑक्झलेट मात्र भरपूर जातं आणि मुतखड्याची प्रवृत्ती किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याला ते भारी पडतं. दहा वर्षांचा मधुमेह आहे म्हणजे सासूबाईंचं क्रिएटिनीन वेळच्या वेळी तपासलं जातंय ना, हे पाहा. ते वाढलेलं असेल तर पालेभाजीतल्या पोटॅशियमबद्दलही डॉक्टरांना विचारावं लागेल. मुतखडा होऊन गेला असेल तर पालक, माठ, राजगिरा, चाकवत आणि अळू यांच्याऐवजी मेथीला झुकतं माप द्या. तरीही पालक करायचा झाला तर भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या. बरंचसं ऑक्झलेट पाण्याबरोबर जातं. त्यात क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं, पण ल्युटिन पानातच राहतं.

एरवी पाणी टाकायचं कारण नाही. तुमच्या घरात बसेल अशी सोपी रीत म्हणजे ताकातली पालकाची पळीवाढी भाजी. एक जुडी निवडून आधी तीन पाण्यांनी धुवा, मगच चिरा. चिरून धुतल्याने क जीवनसत्त्व वाहून जातं. दोन चमचे हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे भिजवून कुकरमध्ये वेगळे शिजवून घ्या. पालक अर्धी वाटी पाणी घालून पातेल्यात झाकण ठेवून ५ ते ७ मिनिटंच शिजवा आणि रवीने घोटा. कवळी असलेल्या किंवा दात दुखणाऱ्या माणसाला घोटलेली भाजी बिनतक्रार खाता येते. नुसत्या चिरलेल्या भाजीची देठं ताटाच्या कडेला काढून ठेवली जातात. एक वाटी ताकात मोठा चमचाभर बेसन कालवून त्यात ओता, डाळ-दाणे घाला, वरून दोन चहाचे चमचे तेलाची मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, मिरचीची फोडणी द्या आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळत ठेवा. ढवळणं सोडलं किंवा आच मोठी झाली की ताक फाटतं. दोघं-तिघं जेवतील एवढी भाजी होते. तेल, दाणे आणि ताकातला कॅल्शियम हे तिन्ही इथे कामाचे आहेत. कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतो. भाजी सकाळी करून रात्रीपर्यंत पुनःपुन्हा उकळत ठेवू नका, उष्णतेने आणि हवेने रंगद्रव्य कमी होत जातं.

सासऱ्यांनी पालेभाजी सोडली ती भीतीपोटी, पण उद्यापासून त्यांच्या ताटात वाटीभर वाढणंही तितकंच चुकीचं ठरेल. ॲसिट्रॉम हे के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतं आणि पालेभाजीत ते भरपूर असतं. त्यांचा आजचा डोस पालेभाजीशिवायच्या जेवणावर बसवलेला आहे. न सांगता भाजी सुरू केली तर औषधाचा असर उतरेल, आयएनआर खाली येईल आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका निर्माण होईल. एखाद्या कार्याला अळूचं फदफदं दोन वाट्या आणि एरवी काहीच नाही, असं खाणं तर सगळ्यांत वाईट. डॉक्टरांना 'रोज अर्धी वाटी सुरू करायची आहे' असं आधी सांगा, मग रोज तेवढीच द्या, त्यांनी सांगितलेल्या दिवशी आयएनआर करा, आणि गरजेप्रमाणे डोस ते बदलतील. कोथिंबिरीची चटणीही या हिशेबात धरायची. डोस एकदा बसला की पुढे प्रमाण स्थिर ठेवणं एवढंच काम उरतं. श्रावणात सासूबाईंबरोबर त्यांचीही भाजी बंद होणार असेल तर तेही डॉक्टरांना आधी कळवा.

सासूबाईंचा श्रावण मोडायची काहीच गरज नाही. अकरा महिन्यांचं खाणं नीट असेल तर एका महिन्याने मॅक्युला रिकामा होत नाही. त्याच दिवसांत कोवळा मका येतो आणि मक्यात झिॲझँथिन चांगलं असतं. उकडलेल्या कणसाचे दाणे थोडं तूप घालून किंवा मक्याची उसळ करून द्या. फक्त मधुमेहात मका धान्यात मोजायचा, त्या जेवणात एक पोळी किंवा भाकरी कमी करायची. नारिंगी भोपळी मिरचीतही झिॲझँथिन भरपूर आहे. मटारात ल्युटिन असतं. अंडं तुमच्याकडे चालतंच. एका बलकात ल्युटिन कमी, पाव मिलिग्रॅमच्या आसपास, पण बलकातल्या स्निग्धांशामुळे ते फार चांगलं शोषलं जातं. म्हणून पांढरा भाग खाऊन बलक टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती डोळ्यांच्या दृष्टीने नुकसानीची आहे. कोलेस्टेरॉलचं औषध चालू असेल तर आठवड्याला किती बलक चालतील ते विचारून घ्या.

मासे खात नाही म्हणून हळहळू नका आणि ओमेगा-३च्या कॅप्सूलही यासाठी आणू नका. आठवड्यातून एक-दोनदा मासे खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, हे पाहण्यांमधून आलं आहे. पण 'एरेड्स-२'मध्ये माशाच्या तेलाच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या तेव्हा काही जास्तीचा फायदा झाला नाही. जवसाची चटणी, अक्रोड, शेंगदाणे जेवणात राहू द्या. ते चांगलं खाणं आहे, डोळ्यांचं औषध नाही.

मधुमेहामुळे सासूबाईंच्या डोळ्यांना एएमडीशिवाय दुसराही धोका आहे. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या साखरेने खराब होतात. त्याच तपासणीत मधुमेहाचे काही बदल दिसले होते का, हे पुढच्या भेटीत मुद्दाम विचारा. साखर एकदम चढवणाऱ्या खाण्याचा एएमडीशीही संबंध पाहण्यांमध्ये दिसला आहे. त्यामुळे पांढरा भात, मैदा, बिस्किटं, गोड चहा कमी करण्याचं कारण दुहेरी आहे. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी ताटभर खाणं हे या घरातलं मोठं भगदाड असू शकतं. खिचडीच करायची तर वाटीभर, दाण्याचं कूट जास्त, सोबत काकडीची कोशिंबीर आणि दही. चतुर्थी-एकादशीच्या दिवशी दोन तासांनी साखर मोजून पाहा, आकडा पाहिल्यावर सांगावं लागत नाही. रक्तदाबही आवाक्यात हवा. लोणची-पापड कमी होतील तेवढं बरं.

सासूबाईंसाठी आणखी एक काम आहे, त्याचा स्वयंपाकघराशी संबंध नाही, पण आम्ही ते आहाराच्या वर ठेवतो. कोरडा एएमडी कधीकधी अचानक 'वेट' होतो, म्हणजे पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यांतून पाणी-रक्त झिरपतं. यावर डोळ्यात देण्याची इंजेक्शनं आहेत आणि ती लवकर मिळाली तर नजर टिकते. उशीर झाला तर व्रण पडतो आणि मग उपाय नाही. हे घरी ओळखता येतं. पांढऱ्या कागदावर १० सेंटिमीटरचा चौकोन काढा, काळ्या पेनाने अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या रेषा मारा आणि मधोमध ठळक ठिपका द्या. कागद भिंतीवर चिकटवा. जवळचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात, साधारण ३० सेंटिमीटरवरून, एक डोळा तळव्याने न दाबता झाकून ठिपक्याकडे पाहायचं. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहण्यात अर्थ नाही, कारण चांगला डोळा वाईटाची चूक झाकून टाकतो. रेषा वाकडी किंवा लाटेसारखी दिसली, चौकट गायब झाली किंवा मध्ये धूसर डाग आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करून दोन-तीन दिवसांत रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, हा कागद पाहायचा.

तुमच्या दोघांत फरक आहे. एएमडी रक्ताच्या नात्यात येतो, त्यामुळे आईकडून आलेला धोका तुमच्या पतींना आहे, तुम्हाला नाही. सिगारेट ओढत असतील तर टाळता येणाऱ्या कारणांत तीच सगळ्यांत मोठी आहे. पालेभाजीची वाटी तिची भरपाई करत नाही. गोळी दोघांनाही नको, सध्या तिचा फायदा नाही. ताकातली भाजी चौघांसाठी एकाच पातेल्यात होईल, फक्त सासऱ्यांची वाटी मोजून काढा. उन्हात दुचाकी चालवताना हेल्मेटची काच खाली असू द्या किंवा अतिनील किरण अडवणारा चष्मा लावा, हे मोतीबिंदूसाठी. पतींनी पन्नाशीच्या आत एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा, त्या वेळी 'आईला इंटरमीडिएट एएमडी आहे' असं डॉक्टरांना सांगावं आणि पुढची तपासणी किती वर्षांनी करायची ते लिहून घ्यावं. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नये, रिक्षाने जावं.